‘एन’ फॉर कसारा

दादरच्या इंडिकेटरवर ‘एन’ लागला की आपण डोळे झाकून सांगतो, कसारा! पण कसाऱ्यात ‘एन’ आला कुठून? ऑफिसात विचारलं तर म्हणे, नाशिकचा असेल. छे! कल्याणला रूळ फुटतात ना, त्यातली कसाऱ्याकडची जीआयपी रेल्वेची नॉर्थ-ईस्ट लाइन आणि कर्जतकडची साउथ-ईस्ट. म्हणून कर्जतला ‘एस’. जीआयपी 1951 मध्येच मध्य रेल्वेत विलीन झाली, पण तिची ही अक्षरं अजून ड्युटीवर आहेत. मॉस्कोतही तीच गंमत. लेनिनग्राडचं 1991 मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं, तरी तिकडे जाणाऱ्या गाड्या सुटतात त्या स्टेशनाचं नाव लेनिनग्राडचंच!

शनिवारी पहाटेची ‘एन’ पकडली. अडीच तास, शेवटचा स्टॉप. प्लॅटफॉर्मवर धुकं, वडापाव आणि समोर घाट. इथे लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. कारण पुढे दर 37 फुटांमागे 1 फूट चढ. हा मार्ग 1865 मध्ये सुरू झाला. एहेगावचा पूल तर 182 फूट उंच. आपण म्हणतो कसारा घाट. रेल्वेच्या कागदावर मात्र अजून थळ घाट.

जीआयपीचा चीफ इंजिनीअर जेम्स बर्कली 1862 मध्येच वारला, त्याला घाटातली गाडी बघायला मिळाली नाही. पण त्याचं नाव पुस्तकांत आहे. डोक्यावर दगड वाहणाऱ्यांची नावं मात्र मी शोधली तेवढ्या पुस्तकांत सापडली नाहीत. मला ती हवी होती, कारण माझे आजोबा याच घाटात गँगमन होते. पावसाळ्यात रात्ररात्र कंदील घेऊन रूळ चालायचे. नोकरीला लागले तेव्हा जीआयपी जाऊन दहाएक वर्षं झाली होती, तरी शेवटपर्यंत सांगायचे, ‘मी जीआयपीत होतो.’ आम्ही नातवंडं हसायचो. त्यांच्या नावाची एकच खूण घरात उरलीय, पितळी बिल्ला. त्यावरही नाव नाही, नंबर आहे.

स्टेशनाबाहेर चहा घेता घेता टपरीवाल्या काकांना विचारलं, हायवे कुठे? ‘आग्रा रोड ना? हा काय, वर.’ मुंबईत त्याच आग्रा रोडचा एलबीएस मार्ग होऊन जमाना झाला.

परतीला खिडकीवर गेले. ‘एक व्हीटी.’

व्हीटीचं सीएसटी 1996 मध्ये झालं, माझ्या जन्माच्याही आधी. 2017 पासून तर सीएसएमटी. क्लार्कने मान वर न करता तिकीट सरकवलं.