नदी सोडून गेलेला पूल

विक गावातल्या पेट्रोल पंपावरच्या मुलीनं आम्हाला एकच गोष्ट दोनदा बजावली : गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी घट्ट धरा. इथला वारा दार हिसकावून उलटं फिरवतो, बिजागऱ्या वाकतात. पुढचे चार दिवस गाडी थांबली की हे आधी खिडकीतून गवताकडे बघत. गवत आडवं झालेलं दिसलं की मला म्हणत, "अगं, थांब, मी येतो तुझ्या बाजूला."

आइसलंडला वळसा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता 1,300 किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे. आम्हाला त्यातला दक्षिणेचा विक ते होप्न एवढाच, सुमारे 270 किलोमीटरचा तुकडा करायचा होता. ह्यांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, पुलांच्या कामावर गेली. या वाटेवरच्या एका पुलाबद्दल त्यांनी नोकरीत असताना वाचलं होतं आणि तो बघायचाच, असं तेव्हापासून मनात धरलं होतं. निवृत्तीनंतर मुलानं विचारलं, "बाबा, कुठं जायचंय?" ह्यांनी त्या पुलाचं नाव सांगितलं.

विक सोडल्यावर तासाभरात लाव्हाचं मैदान लागतं. नजर जाईल तिथवर दगडांचे उंचवटे आणि त्यांवर राखाडी-हिरवं शेवाळ. मी वाकून हात टेकला तर बोटं पेरापर्यंत आत गेली, नव्या कापसाच्या गादीत जावीत तशी. शेवाळावर पाय ठेवू नका, असं जागोजागी लिहिलेलं आहे, कारण एका पावलाची खूण भरून यायला कित्येक वर्षं लागतात.

या मऊ गादीखाली 1783 सालचा लाव्हा आहे. 8 जून 1783 रोजी इथून उत्तरेला, लाकी डोंगराच्या दोन्ही बाजूंनी जमीन उभी फाटली. भेग जवळजवळ 27 किलोमीटरची होती, आणि ती आठ महिने धुमसत राहिली. विषारी वायूनं गवत जळलं आणि मेंढ्या मेल्या. पाठोपाठ दुष्काळ आला आणि आइसलंडची सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी माणसं गेली. त्या साली मोसमी वारे आपल्याकडेही कमकुवत झाले होते, असं काही हवामान-अभ्यासकांचं गणित सांगतं. उत्तर हिंदुस्थानात संवत 1840 चा 'चालिसा' दुष्काळ पडला तो याच सुमारास. त्याचं सगळं खापर लाकीवर फोडता येणार नाही. तरीही त्या शेवाळाच्या कडेला बसून डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाताना मला ती जागा फार परकी वाटेना.

पुढचं गाव क्लौस्तुर. इथला पाद्री योन स्टेइनग्रिम्सन. 20 जुलै 1783 च्या रविवारी लाव्हा गावाच्या दिशेनं सरकत होता, आणि ही आपली शेवटचीच प्रार्थना या समजुतीनं लोक देवळात जमले. प्रार्थना संपवून बाहेर येऊन बघतात तो लाव्हा थांबलेला. नद्यांच्या पाण्यानं तो थंड पडला, असं आजचे जाणकार सांगतात. पण या पाद्रीबोवांचा मोठेपणा मला दुसऱ्याच गोष्टीत वाटतो. ते त्या काळात आजारी आणि उपाशी लोकांच्या दारोदार फिरले आणि जे पाहिलं ते सगळं लिहून ठेवलं. त्या आठ महिन्यांची बरीचशी माहिती आज त्यांच्या टाचणामुळं आहे.

क्लौस्तुरच्या पुढं काही वेळानं हिरवा रंग संपतो आणि स्केइदारा नदीची काळी वाळू सुरू होते. सुमारे हजार चौरस किलोमीटरचं हे सपाट रान वात्नायोकुल या अफाट हिमटोपीखालून येणाऱ्या पाण्यानं रचलं आहे. वात्नायोकुल देशाचा जवळजवळ बारावा भाग व्यापतो आणि त्याच्या बर्फाखाली जिवंत ज्वालामुखी आहेत. बर्फाखाली आग लागली की पाणी साठतं आणि एके दिवशी सगळं एकदम सुटतं. या पुराला इथले लोक 'योकुलह्लाउप' म्हणतात. योकुल म्हणजे हिमनदी, ह्लाउप म्हणजे धाव.

म्हणून तर देशाभोवतीच्या रस्त्याच्या वर्तुळाचा हा शेवटचा तुकडा कितीतरी वर्षं जोडला गेला नव्हता. टपाल घेऊन हानेस योन्सन नावाचा हरकारा घोड्यावरून या नद्या पार करी, आणि पाण्यातली वाट ओळखणारे घोडे हेच इथलं खरं धन होतं. होप्नहून राजधानीला मोटारीनं जायचं तर उत्तरेकडून अख्ख्या देशाला वळसा पडे. अखेर सरकारनं सोडतीचे रोखे विकून लोकांकडून पैसा उभा केला आणि 14 जुलै 1974 रोजी स्केइदारावरचा पूल, ह्यांच्या मनातला तोच पूल, खुला झाला. तो जवळजवळ 900 मीटर लांब, देशातला सर्वांत लांब पूल होता.

30 सप्टेंबर 1996 ला बर्फाखाली उद्रेक झाला. वितळलेलं पाणी ग्रिम्सव्योत्न या बर्फाखालच्या तलावात महिनाभर चढत राहिलं. शास्त्रज्ञ पातळी मोजत होते आणि पूर येणार हे साऱ्या देशाला ठाऊक होतं. 5 नोव्हेंबरला तो आला. शिखरावर असताना सेकंदाला 45 हजार घनमीटरच्या वर पाणी वाहत होतं, आणि त्यात घराएवढे हिमखंड होते. ह्यांनी वहीत हिशेब मांडून मला समजावलं : कोयना धरण काठोकाठ भरतं तेव्हा 105 टीएमसी. इथं त्याहून जास्त पाणी दोन दिवसांत समुद्रात गेलं. शेजारच्या नदीवरचा पूल पुरता गेला, या पुलाचा काही भाग गेला. माणूस एकही दगावला नाही, कारण रस्ता बंद होता.

त्या पुरातून उरलेल्या दोन पोलादी तुळया स्काफ्टाफेलजवळ रस्त्याच्या कडेला ठेवल्या आहेत. जाडजूड, पण पिळलेल्या, ओलं धुणं पिळून टाकावं तशा. बोल्टची भोकं लांबट झाली आहेत. हे त्यांतल्या एका भोकात बोट घालून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "महाडला कुणी तासभर आधी रस्ता अडवला असता तर." 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला तेव्हा दोन एसटी गाड्या अंधारात त्या पाण्यात गेल्या. ह्यांचा त्या पुलाशी कामाचा संबंध नव्हता. पण तेव्हापासून आमच्या घरी पावसाळ्यात तो विषय निघाला की हे गप्प होतात. इथं मी त्यांना प्रथमच त्यावर बोलताना ऐकलं.

स्काफ्टाफेलनंतर रस्ता ओराइवी भागातून जातो. इथं पूर्वी भरलेला मुलूख होता. 1362 च्या उद्रेकानं तो उजाड केला आणि नावच पडलं ओराइवी, म्हणजे ओसाड रान. पुढं योकुल्सारलोनचं सरोवर. आमच्या आजोबांच्या तरुणपणी ते नव्हतं. 1930 च्या दशकात हिमनदी मागं सरली, मागं खोल खड्डा राहिला आणि तो भरला. आज त्याची खोली 200 मीटरहून जास्त आहे आणि बर्फ जसा सरतो आहे तसं ते वाढतंच आहे. किनाऱ्याच्या काळ्या वाळूवरून मी एक तुकडा उचलला, भाकरीएवढा. खडीसाखरेसारखा स्वच्छ, आत हवेचे बारीक बुडबुडे. कित्येक शतकांपूर्वीची ती हवा माझ्या तळहातावर एकेक बुडबुडा फोडून बाहेर येत होती. लोक तिथं आनंदानं फोटो काढत होते. मला तो तुकडा खाली ठेवताना मात्र जड गेलं.

होप्नला एक रात्र राहून आम्ही त्याच वाटेनं परतलो. स्काफ्टाफेल मागं टाकल्यावर ह्यांनी गाडी थांबवली. तुळयांकडून येतो म्हणाले आणि त्या लांब पुलाच्या उरलेल्या भागाकडं चालत गेले. 2009 साली स्केइदारानं आपली धार पश्चिमेच्या नदीकडं वळवली. 2017 मध्ये शेजारी एक छोटा नवा पूल बांधला आणि आता रस्ता त्यावरून जातो. जुना पूल तसाच उभा आहे आणि खाली वाळू आहे.

तुम्ही कधी या वाटेनं गेलात तर सरोवर गाठायच्या घाईत इथून पुढं निघून जाऊ नका. गाडी थांबवा, दार दोन्ही हातांनी धरून उतरा आणि त्या तुळयांना हात लावून बघा.