बुजलेल्या खंदकाची साक्ष

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी ठेक्यांच्या दाव्यांत तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभा राहू लागलो. माझ्याकडे येणारी बरीचशी भांडणं एकाच जागी अडलेली असत: खोदताना लागला तो मुरूम होता, मऊ खडक होता की कठीण खडक? दरसूचीत तिन्हींचे दर वेगळे, कठीण खडकाचा सगळ्यात चढा. खंदक उघडा असतो तोवर कुणालाही दिसतं. तो बुजला की वकील लागतात.

मिरजगावचं प्रकरण असंच. नगर-सोलापूर रस्त्यावरचं हे कर्जत तालुक्यातलं गाव; पाऊस बेताचा, त्यामुळे पाझर तलावांचं महत्त्व इथे कुणाला सांगावं लागत नाही. वाद होता शिवारातल्या अशाच एका तलावाच्या बांधाचा. बांधाखालून पाणी निसटू नये म्हणून आधी खंदक खणतात आणि चिकणमातीने भरून दाबतात. ठेकेदाराचं म्हणणं, खंदकाच्या तळाचा बहुतेक भाग कठीण खडकाचा होता. काम करून घेणाऱ्या सरकारी खात्याच्या मोजमाप पुस्तिकेत कठीण खडक शून्य. ब-1 निविदेच्या कलम 30 प्रमाणे अधीक्षक अभियंत्यांकडे दाद मागून झाली, ती फेटाळली गेली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस झाली. मग दावा.

मला बोलावलं ठेकेदाराने, फी त्याचीच. मी त्याला आधीच सांगितलं, "अहवाल कोर्टासाठी लिहीन. तुमच्या सोयीचा नसला तर दाखल करू नका, पण आकडा बदलून मागू नका." इंग्लंडच्या कोर्टाने 1993 मध्ये 'इकेरियन रीफर' या जहाजाच्या खटल्यात तज्ज्ञाची कर्तव्यं नीट मांडून दिली आहेत. तज्ज्ञ कोर्टाला मदत करायला येतो, बोलावणाऱ्याची वकिली करायला नाही. आपल्याकडे अजून पुष्कळांना हे रुचत नाही.

भरलेला बांध उकरता येत नाही. म्हणून मी बांधाच्या खालच्या अंगाची एक जुनी विहीर पाहिली. तिच्या उभ्या कडेत थर स्वच्छ दिसत होते. दख्खनचा बसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने झिजतो. बाहेर मुरूम होतो आणि आत काळा, घट्ट गोळा शिल्लक राहतो. म्हणजे मुरमाच्या थरातसुद्धा कठीण दगड सापडणार, आणि दगड सापडला म्हणून अख्खा थर कठीण होणार नाही. विहिरीचे मालक म्हणाले, "साहेब, वर मुरूमच हाय. पर खंदक खणताना मधनंच काळा निघायचा. ब्रेकर दिसभर ठणठण करायचा." मी म्हटलं, "आबा, हे कोर्टात सांगाल का?" कारण त्यांनी पाहिलेलं माझ्या तोंडून ऐकीव ठरलं असतं.

खात्याचा मुख्य मुद्दा असा की सुरुंग लावल्याची नोंद नाही, मग कठीण खडक कुठला? हा युक्तिवाद जुन्या काळाचा. पोकलेनला ब्रेकर जोडून आता सुरुंगाशिवायही काळा दगड फोडतात. अर्थात ब्रेकर मऊ खडकालाही लावतात, त्यामुळे ठेकेदाराने जोडलेल्या ब्रेकरच्या भाड्याच्या बिलांनी काहीच सिद्ध होत नव्हतं. तेही मी लिहिलं.

उत्तर मोजमाप पुस्तिकेतच निघालं. बांधाच्या पाण्याकडच्या उताराला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, असतं. त्या बाबीसमोर शेरा होता: खोदकामातून निघालेला दगड वापरला, म्हणून दर कमी करून दिला. खाली खात्याच्याच अभियंत्याची सही. एका पानावर कठीण खडक शून्य आणि दुसऱ्या पानावर त्याच खोदकामातल्या दगडाचं पिचिंग! पिचिंगचं क्षेत्रफळ, जाडी आणि पोकळीची वजावट धरून मी घन परिमाण काढलं. त्याहून कमी दगड निघाला नव्हता, एवढंच ते सांगत होतं. ठेकेदाराच्या मागणीच्या ते निम्म्याहूनही कमी भरलं. त्याचा चेहरा उतरला. तरी अहवाल दाखल केला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

उलटतपासणीत सरकारी वकिलांनी विचारलं, "खंदक उघडा असताना तुम्ही पाहिला होता?" "नाही." "फी कोण देतं?" "वादी." मग त्यांनी नेमका प्रश्न टाकला, "हा दगड खाणीतून आणलेला नसेल कशावरून?" मी म्हटलं, "खाणीतला असता तर वाहतूक आणि गौण खनिजाचं स्वामित्वधन बिलात दिसलं असतं. दोन्ही नाही. दर मात्र कमी केलेला आहे."

तज्ज्ञाचं मत तेव्हा 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 45 खाली येत असे. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 मध्ये आहे. ते कोर्टावर बंधनकारक तेव्हाही नव्हतं, आजही नाही. या दाव्यात कोर्टाने पिचिंगमधून सिद्ध झालेलं परिमाण मान्य केलं आणि उरलेली मागणी फेटाळली. खंदकात कदाचित आणखीही खडक असेल. त्याचा पुरावा मातीखाली आहे.

शाखा अभियंत्यांना आणि ठेकेदारांना एक विनंती. खंदक बुजवण्याआधी दोघांनी एकत्र थरांची पातळी घ्या, निघालेला दगड वेगळा रचून मोजा, पट्टी धरून फोटो काढा आणि त्याच दिवशी दोघांच्या सह्या करा.