पुन्हा पुन्हा तेच वाक्य

मैत्रिणींनो, निबंधात एकच वाक्य दोनदा आलं की आम्ही शिक्षिका लाल शाईनं ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारतो. पण कथेतली पुनरुक्ती कधीकधी नायिकेचं सारं दुःख सांगून जाते. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही १८९२ सालची कथा वाचताना मला हे फार जाणवलं.

नायिका लेकुरवाळी, मनानं खचलेली. नवरा जॉन डॉक्टर. त्यानं तिला सक्तीची विश्रांती दिलेली, लिहायचंसुद्धा नाही! तसा तो प्रेमळच आहे हं. पण तिच्या बोलण्यात सारखा जॉन येतो : जॉनचं मत असं, जॉनला हे पटत नाही. आपल्या हाती काय आहे, हा प्रश्न तर ती सुरुवातीलाच तीनदा विचारते. उत्तर मिळत नाही, म्हणूनच तो परत येतो. शेवटी ती स्वतःच खोलीत भिंतीकडेनं गोल गोल रांगत राहते. गिलमनबाईंनी १८८७ साली असाच उपचार स्वतः सोसला होता.

आपल्याकडे जॉनच्या जागी ‘हे’ येतात. ‘ह्यांना नाही आवडत’, ‘ह्यांना विचारायला हवं’, ‘चालायचंच!’ आपण ते रडगाणं म्हणून सोडून देतो. पण जिथं काही करता येत नाही, तिथंच बाई तेच तेच बोलते. तेव्हा एखादी मैत्रीण तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलली, तर हातातलं काम जरा बाजूला ठेवा आणि विचारा, “म्हणजे नक्की काय होतं गं?”