मृगातला मासा आणि तोंडलीभात

मृग लागला की हैदराबादच्या रामनगर मासळीबाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. मृगशिरा कार्तीला मासा खायचाच, हा तेलंगणातला जुना रिवाज. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दमेकऱ्यांना मरळीचं जिवंत पिल्लू औषधासह गिळायला देतात, तेही याच दिवसांत. त्या औषधावरचे डॉक्टरांचे आक्षेप मला रास्त वाटतात. रिवाजामागचा हंगाम मात्र नीट पाहावा असा आहे. ७-८ जूनला पूर्व किनाऱ्यावरची १५ एप्रिलपासूनची मासेमारीबंदी उठायला आठवडा असतो आणि पश्चिम किनाऱ्यावरची १ जूनलाच सुरू झालेली असते. म्हणजे यांत्रिक नौकांना दोन्ही समुद्र बंद. त्या दिवशी इथे खरा ताजा मासा तळ्याचा आणि धरणाचा: रोहू, कटला, मरळ. तरी इथल्या अनेक मराठी घरांत माशाचं जेवण म्हटलं की बर्फातली सुरमई, नारळाचं कालवण आणि पांढरा भात हेच ताट डोळ्यांपुढे येतं. माझ्या मते हैदराबादेत गोड्या पाण्यातला तळलेला मासा आणि हंगामी भाजीचा मसालेभात हीच खरी जोडी आहे, आणि ती कोकणी ताटाची तडजोड मुळीच नाही.

कोकणातला उकडा तांदूळ पातळ कालवण पिऊनही शीत राखतो. इथला बारीक सोना मसुरी त्यात लगेच गिच्च होतो. फोडणीत परतून दम दिला की मात्र तो मोकळा फुलतो. माशाचंही तसंच. समुद्रातल्या माशाला येतो तो उग्र वास गोड्या पाण्यातल्या माशाला फारसा नसतो. त्याला असतो मातीचा वास, तळ्यातल्या सूक्ष्म शेवाळामुळे आलेला, आणि तो आंबटाने उतरतो. म्हणून तुकड्यांना मीठ, हळद, चिंचेचा कोळ चोळून पंधरा मिनिटांनी ते धुवावेत, मग आलं-लसूण, तिखट आणि तांदळाचं पीठ लावून शेंगदाण्याच्या तेलात तळावेत. असा कोरडा, कुरकुरीत मासा पांढऱ्या भाताबरोबर घशात अडकतो. त्याला ओलावा आणि चव स्वतःची असलेला भात लागतो. पावसाळ्यात तोंडलीचा, थंडीत पावट्याचा नाहीतर मटाराचा. फक्त हात आखडता हवा: काळा मसाला निम्मा, काजू नकोत, आणि झाकण काढायचं ते शेवटचा तुकडा तव्यावरून उतरताना.

यावर पहिला आक्षेप सोवळ्याचा. मसालेभात लग्नाच्या पंगतीतला, त्याच्याशेजारी मासा कसा? पण भाजी आणि मासळी आपल्याकडे कधी वेगळ्या चुलीवर होत्या? कोकणात वांग्यात सुकट पडते, गोव्यात हुमणात बिंबल, आणि तेलंगणात उन्हाळ्यात चिंचेचा कोवळा पाला सुक्या कोळंबीबरोबर शिजतो. शिवाय १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे याच हैदराबाद राज्यात होते. गोदाकाठच्या त्या माणसांना मासा ठाऊक होता तो नदीचाच. मासा म्हणजे कोकण हे समीकरण आपल्या लिहिण्यावाचण्यात इतकं रुळलं, की या चवीच्या बाजूने बोलायला कुणी उरलंच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप काट्यांचा, आणि तो खरा आहे. मसालेभाताच्या घासात रोहूचा बारीक काटा हाताला लागत नाही. म्हणून या भाताबरोबर मरळच घ्यावी. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे बाजारात घमेल्यातल्या वीतभर पाण्यात जिवंत मिळते. तिचं मांस घट्ट, आणि मधल्या कण्याखेरीज काटा जवळपास नाहीच. ती महाग पडते. ज्या दिवशी परवडत नाही त्या दिवशी कटल्याचे पाठीकडचे जाड तुकडे मागून घ्यावेत आणि पोटाकडचा भाग कैरी घालून आमटीला ठेवावा.