चाबीचा चुलतभाऊ

एन्क्लेव्ह हा मराठीतला तसा नवखा पाहुणा. पोशाख विलायती, बोलणं मोजकं आणि मुक्काम बहुधा एखाद्या गृहसंकुलाच्या कमानीवर. भोवती भिंत उठली, फाटकाशी रखवालदार बसला, की बिल्डर याला हौसेनं बोलावून घेतो. गडी तिथं रुबाबात मिरवतो, पण त्याची मूळ ओळख शेताच्या वादातली आहे.

घराणं लॅटिन. मूळपुरुष 'क्लाविस', म्हणजे कुलपाची चावी. त्यावरून बोली लॅटिनमध्ये 'इनक्लावारे', म्हणजे आत घालून कुलूप लावणं. फ्रेंचांनी त्याचा 'आंक्लाव्ह' केला आणि इंग्रजीनं तो उचलला. त्याच क्लाविसची दुसरी शाखा पोर्तुगालात 'चावे' झाली, जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि मराठीत चावी म्हणून रुळली. भंडाऱ्याकडे येईपर्यंत तिची चाबी झाली. म्हणजे पवनीतल्या एखाद्या आजीच्या पदराला बांधलेली चाबी आणि कमानीवरचा एन्क्लेव्ह, दोघं एकाच भावकीतले.

स्वभाव ओळखायचा तर आधी एक घोटाळा टाळावा. पाण्यानं वेढलेली जमीन ती बेट. गोसेखुर्द धरणाच्या पाणफुगवट्यात टेकाड एकटं पडलं म्हणून ते एन्क्लेव्ह होत नाही. याला वेढा लागतो तो परक्या मालकीचा. डोळ्यांना सलग दिसणारी जमीन, पण कागदावर मध्येच दुसऱ्याची. निसर्गाशी याचं भांडण नाही, शेजाऱ्याशी आहे. 1526च्या माद्रिदच्या तहात तो राजेरजवाड्यांच्या कागदावर दिसतो, पण फ्रान्समध्ये त्याची खरी उठबस शेतजमिनीच्या वादात. 1804च्या फ्रेंच नागरी संहितेत कलम 682 आहे: ज्याची जमीन चारी बाजूंनी वेढली गेली आणि सार्वजनिक रस्त्यावर निघायला वाट नाही, त्यानं भरपाई देऊन शेजाऱ्याच्या जमिनीतून वाट मागावी.

हे कलम साकोली-लाखांदूरच्या धानकऱ्याला कुणी समजावून सांगायला नको. आषाढात बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तुडुंब भरलेल्या असतात. पाणी एका बांधीतून खालच्या बांधीत उतरतं, तेव्हा ते कुणाचा सातबारा विचारत नाही. माणसाला विचारावं लागतं. मधल्या बांधीवाल्याचे पऱ्हे, म्हणजे रोपं, तयार, मजूर ठरलेले, चिखलणीची लोखंडी चाकं लावलेला ट्रॅक्टर धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, येऊन थांबलेला. पण बाहेरच्या बांधीत कालच रोवणी झाली. आता ट्रॅक्टर घातला तर शेजाऱ्याची ताजी रोपं चिखलात, नाही घातला तर आपली रोवणी लांबणीवर. पऱ्ह्यांच्या जुड्या डोक्यावर घेऊन माणूस धुऱ्याधुऱ्यानं आत जाईल. बैलजोडीही एक वेळ सांभाळून नेता येईल. ट्रॅक्टरला मात्र धुरा पुरत नाही. जमीन तीच, मालक तेच, पण अवजार रुंद झालं आणि शेत कोंडलं गेलं.

अशा वेळी प्रकरण तहसीलदाराकडे जातं. वहिवाटीची जुनी वाट कुणी अडवली असेल, तर 1906चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम 5. वाटच नसेल, तर 1966च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचं कलम 143, त्यात शेतांच्या हद्दीवरून वाट मिळते. तहसीलदारानं पाहायचं ते हेच, की शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला वाजवी वाट आहे का.

हाच प्रश्न मराठी मुलखातून थेट हेगला गेला होता. मराठ्यांनी 1779च्या तहानं पोर्तुगीजांना 12,000 रुपये उत्पन्नाची गावं कबूल केली आणि 1783 व 1785 मध्ये ती नगरहवेलीत नेमून दिली. पोर्तुगीजांचं ठाणं दमणला, किनाऱ्यावर. दादरा आणि नगरहवेली आत, मध्ये परका मुलूख. 1954 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दोन्ही मुक्त केली, संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. पोर्तुगालनं पुढच्याच वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तो प्रदेशासाठी नव्हे, वाटेसाठी. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिलं ते महसुलाचं, जागीर-सरंजामाचं. सार्वभौमत्व त्यात नव्हतं. मात्र ब्रिटिशांच्या काळात पोर्तुगालची सत्ता तिथं मान्य झाली आणि खाजगी माणसं, मुलकी अधिकारी व माल यांच्या ये-जा करण्याचा प्रघात पडला. तेवढी वाट न्यायालयानं मानली. फौज, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना हक्काची वाट नाही. शिवाय भारतानं वाट रोखली त्यात आपल्या जबाबदारीचा भंग केला नाही, असाही निर्णय दिला. धुऱ्यावरून माणूस जाऊ दे, ट्रॅक्टरचं वेगळं बोलू, हेच वेगळ्या भाषेत.

म्हणून एन्क्लेव्हची ओळख त्याच्या सीमेवरून करू नये. सीमा सगळ्यांनाच असतात. याचं सगळं आयुष्य वाटेवर अवलंबून असतं. शेजारी बरा असेल तर वेढा जाणवतही नाही. शेजाऱ्याचं बिनसलं की सात-आठ एकरांचा धनीही कैदी. मालकीचा कागद कितीही पक्का असो, चाबी दुसऱ्याच्या हातात. नात्यातल्या चुलतबहिणीनं याला आयुष्यभर पुरेल असा हाच एक गुण दिला आहे.

2025 मध्ये राज्य सरकारनं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्याचं ठरवलं. बरंच झालं. तोंडी दिलेली वाट पिढी बदलली की मिटते, वाटणी झाली की नांगरली जाते. कागदावर चढलेल्या वाटेसाठी निदान भांडता तरी येतं.