यजमानीण बसली पाहिजे

चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या संध्याकाळी आमची आई कुणालाच दिसायची नाही. जबलपूरच्या घरी पन्नास-साठ बायका येऊन जायच्या, बाहेरच्या खोलीत गलका असायचा आणि आई आत गरम भजी तळत असायची. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाची बदली झाली, हे तिला रात्री भांडी आवरताना माझ्याकडून कळायचं. आपल्याच घरच्या समारंभाची बातमी तिला दुसऱ्याच्या तोंडून मिळे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. यजमानीण म्हणजे उभी असलेली बाई, एवढंच आम्हाला माहीत होतं.

जबलपूरला मराठी घरं जुनी. १७९८ साली गढा-मंडल्याचा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. पुढे इंग्रजांच्या काळात कचेऱ्या आल्या, रेल्वे आली, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे आमची जीसीएफ, आली. नोकरीच्या निमित्ताने मराठी माणसं येत राहिली. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी, अशी आमची वाटणी. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली की ती अक्षय तृतीयेपर्यंत राहायची, आणि गल्लीतल्या हिंदी बोलणाऱ्या बायका आपणहून विचारायच्या, "आपके यहाँ आम की दाल कब है?"

२०१५ साली बाबा गेले. पुढच्या चैत्रात आई फोनवर म्हणाली, "आता नाही होत गं माझ्याने. गुडघे साथ देत नाहीत." मी पुण्यात होते. तिचं म्हणणं खरं मानणं माझ्याही सोयीचं होतं. गौर ती एकटीच मांडायची, एकटीच आरती करायची. तीन वर्षं असंच चाललं. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की आई फोनवर फक्त मालिकांच्या गोष्टी सांगते. गल्लीतल्या कुणाचंच काही तिच्याकडे सांगायला नसतं.

२०१९ च्या चैत्रात मी रजा काढून गेले. म्हटलं, गुडघे दुखतात ना, मग गुडघ्यांना झेपेल असंच करू. दोघींनी बसून बेत ठरवला. पहिली गोष्ट, त्या संध्याकाळी गॅस पेटवायचा नाही. गारच चांगलं लागेल तेवढंच ठेवायचं. दुसरी, घरी करायचा पदार्थ एकच, आंब्याची डाळ. सकाळी हरभऱ्याची डाळ भिजत घालायची, दुपारी जाडसर वाटायची, किसलेली कैरी, मिरची, खोबरं, मीठ-साखर घालून वरून हिंग-मोहरीची फोडणी. चारच्या आत सगळं तयार. पन्ह्यासाठी कैऱ्या आदल्या दिवशी उकडून, गर गुळात कालवून, वेलदोडा घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, ऐनवेळी फक्त गार पाणी ओतायचं. गोडाला बाजारातली खव्याची जिलबी. जबलपुरात राहून ती घरी करण्याचा हट्ट कशाला? तिसरी गोष्ट, वेळ पाच ते सात आणि बायका अठराच. पाण्याचा माठ वाळ्याची जुडी टाकून व्हरांड्यात, शेजारी पेले, ज्याने त्याने घ्यावं. आणि शेवटची अट माझी: कूलरसमोरची वेताची खुर्ची आईची, तिथून उठायचं नाही.

आई ऐकत होती. डाळ निवडता निवडता म्हणाली, "डाळीचं ठीक आहे गं. कुंकू कोण लावणार?"

तेव्हा कळलं, गुडघे हे निमित्त होतं.

मी म्हटलं, मी लावीन. तिने मान हलवली. तिला तेवढंच म्हणायचं नव्हतं. बराच वेळ गप्प राहून ती बोलली ते शेजारच्या काकींबद्दल. त्यांचे यजमान आम्ही शाळेत असतानाच गेले होते. "दरवर्षी मी तिला भिंतीवरून डाळीची वाटी देत होते. वीस वर्षं. एकदासुद्धा आत ये म्हटलं नाही. आणि तिने दरवेळी वाटी रिकामी परत केली नाही."

दुसऱ्या दिवशी आई स्वतः फाटक उघडून काकींकडे गेली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. बाकीच्यांना आम्ही 'पन्हं प्यायला या' एवढंच कळवलं. हळदीकुंकवाचा करंडा गौरीपाशी ठेवला, ज्यांना हवं त्यांनी आपलं आपण लावावं. दारात मी अत्तर आणि मोगऱ्याचे गजरे घेऊन उभी राहिले. गजरा येईल तिच्या हातात, कुणालाही न वगळता.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोघी आल्या नाहीत. एक वयस्कर बाई करंड्याकडे, मग आईकडे पाहून क्षणभर थबकल्या, पण बसल्या आणि डाळ दोनदा घेतली. शेजारच्या काकी सर्वांत आधी आल्या, हातात स्टीलचा डबा. त्यात त्यांच्या पद्धतीचा पना: भाजलेलं जिरं, पुदिना, काळं मीठ. आमचं गोड पन्हं आणि त्यांचा खारट पना शेजारी शेजारी ठेवला, आणि कुठला बरा यावर अर्धा तास वाद रंगला. काकींनी गजरा बराच वेळ ओंजळीतच धरला होता. मग आईने खुर्चीतूनच त्यांना जवळ बोलावलं आणि तो त्यांच्या अंबाड्यात माळला. काकी हिंदीत काहीतरी पुटपुटल्या. आई म्हणाली, "तुम भी लगा दो मुझे." मी दुसरीकडे पाहिलं.

आई दोनदा उठायला गेली. दोन्ही वेळा कुणीतरी तिला बसवलं. पेले बायकांनीच विसळले.

पुण्याला परतल्यावर मी फोन केला. आई चाळीस मिनिटं बोलत होती. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण भोपाळला जातंय, काकींचा नातू कुठे शिकतो. मालिकेचं नावसुद्धा निघालं नाही. शेवटी म्हणाली, "ठेवते गं, दार वाजतंय."