'आहे'चे इंग्रजी

मराठी भाषकाच्या इंग्रजीत वर्तमानकाळी क्रियापद जिथे घसरते, तिथे बहुधा 'आहे' हा शब्द दडलेला असतो. 'तो वाचत आहे' हा अपूर्ण वर्तमान, 'तो गेला आहे' हा पूर्ण वर्तमान आणि 'त्याला दोन भाऊ आहेत' हे नात्याचे साधे विधान, या तिन्ही ठिकाणी मराठीचे एकाच धातूवर भागते. इंग्रजीने मात्र ते काम 'बी' आणि 'हॅव' या दोन धातूंत वाटले असून चालू क्रियेला 'इज' आणि संपलेल्या क्रियेला 'हॅज' लागते, तर भाऊ असण्याला 'हॅज' हेच मुख्य क्रियापद होते. 'आहे म्हणजे इज' हे समीकरण शाळेत लवकर पाठ होते आणि मग 'ही इज हॅविंग टू ब्रदर्स' असे वाक्य जन्मते, ज्यात मराठीतला 'आहे' शाबूत राहतो आणि 'हॅव' त्याच्या मागे फरपटत येतो. या चुकीला अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. ती मातृभाषेच्या व्याकरणावरची निष्ठा आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी दाखवलेली.

साध्या वर्तमानकाळाचे नावही फसवे आहे, कारण इंग्रजीत तो बहुतेक वेळा चालू क्षण सांगत नसून सवय, स्वभाव किंवा सर्वकाळ खरी असणारी गोष्ट सांगतो. 'काय करतोस?' या मराठी प्रश्नाचे उत्तर 'शिक्षक आहे' असेही येते आणि 'भांडी घासतोय' असेही, कारण कोणता अर्थ घ्यायचा हे प्रसंग ठरवतो. इंग्रजी ही मोकळीक देत नाही: 'व्हॉट डू यू डू' हा चरितार्थाचा प्रश्न आणि 'व्हॉट आर यू डूइंग' हा हातातल्या कामाचा. उलट निरोप घेताना 'येतो' आणि हाक आल्यावर 'आलोच' म्हणणाऱ्या मराठीचा वर्तमान तर निघून जातो आणि तिचा भूतकाळ अजून घडायचा असतो, हे इंग्रज विद्यार्थ्याला समजावणे तितकेच अवघड.

जाणणे, मानणे, मालकीचे असणे या क्रिया नसून स्थिती आहेत, आणि स्थितिवाचक क्रियापद, म्हणजे ज्यात काही घडत नसून काही टिकून असते असे क्रियापद, इंग्रजीत सहसा 'इंग' घेत नाही. 'मला माहीत आहे' याचे 'आय ॲम नोइंग' होते ते पुन्हा त्या 'आहे'मुळेच. मात्र यादी पाठ करून हे साधत नाही, कारण 'हॅव'चा अर्थ जेवणे असेल तर 'ही इज हॅविंग लंच' शुद्धच असते आणि मत सांगणारा 'थिंक' विचारात गढला की 'थिंकिंग' होतो. भारतीय इंग्रजीतला हा 'इंग'चा सोस मुंबईच्या निस्सीम इझिकेल यांनी मिस पुष्पा टी. एस. यांच्या निरोपसमारंभाच्या कवितेत टिपला. त्यातला विनोद अचूक असला तरी थोडा निर्दय आहे.

'पासून' या शब्दयोगी अव्ययाचा सापळा लहान आहे. 'सोमवारपासून' आणि 'दहा वर्षांपासून' यांत आरंभबिंदू व कालावधी असा भेद मराठी करत नाही, पण इंग्रजीत पहिल्याला 'सिन्स' आणि दुसऱ्याला 'फॉर' लागते. शिवाय 'राहतो आहे' याचे तिथे 'हॅज बीन लिव्हिंग' करावे लागते.

उरतो तो तृतीयपुरुषी एकवचनाचा 'स'. करतो, करते, करतोस, करतात अशी लिंग, वचन आणि पुरुषानुसार बदलणारी रूपे सहज वापरणाऱ्याला हा एकुलता प्रत्यय जड जावा, हे नवल आहे. तो इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींतून आला. 1611 च्या बायबलात त्याच्या जागी अजून जुना 'एथ' आहे, तर त्याच सुमाराच्या शेक्सपिअरकडे दोन्ही सापडतात. प्रश्नात आणि नकारात तो 'डू'ला चिकटून 'डझ' होतो आणि मूळ क्रियापद 'गो' असे मोकळे राहते. 'डझ ही गोज' हे चूक, कारण एका क्रियापदसमूहात हा 'स' एकदाच येतो.